नानांचा उशिराचा ठेका

मी लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले, तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधी कानावर पडलेला पहिला शब्द होता, "पंचवीस." समोरच्या ओट्यावर एक उंच, काटक माणूस उभा होता. घड्याळ डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि आमची वरात न विचारता उशिरा आल्याचा राग तोंडावर. सासूबाई हळूच म्हणाल्या, लक्ष नको देऊ, ते टाइमकीपर नाना आहेत. मी नाही दिलं लक्ष. पुढची पंचवीस वर्षं नानांनी मात्र माझ्याकडे बारीक लक्ष दिलं. मी शाळेत शिकवायला किती वाजता निघते, कितीला परतते, आमच्या कुकरची तिसरी शिट्टी कधी होते, सगळं त्या माणसाला पाठ.

शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत घड्याळं घरोघरी होती, पण वेळ नानांकडेच असायची. दूधवाला सायकलवरून उतरायच्या आधी त्यांच्या ओट्याकडे बघायचा. नाना फक्त "चार" म्हणायचे, म्हणजे चार मिनिटं उशीर. एकदा तो बिचारा दोन मिनिटं लवकर आला, तर त्याचीही हजेरी झाली, की आज असं काय झालं.

नाना बोरसे इथल्या एका मिलमध्ये टाइमकीपर होते. सकाळी सातला भोंगा, सातला फाटक बंद. सात वाजून एक मिनिट झालं की त्यांच्या हिशोबी तो माणूस आलाच नाही. उशिरा येणाऱ्याला फाटकावरून परत पाठवायचं आणि त्याची चिठ्ठी भरायची, हे त्यांचं काम. चिठ्ठीवर नाव, खातं, किती उशीर, आणि शेवटी 'कारण' असा एक रकाना असायचा. त्या रकान्यात नाना आडवी रेघ मारत. मी एकदा विचारलं, नाना, कारण लिहायला जागा दिलीय तर लिहायचं का नाही? ते म्हणाले, "मास्तरीणबाई, कारण सगळ्यांजवळ असतं. वेळ कोणाजवळ नसते." हे वाक्य त्यांचं फार आवडतं. दिवाळीच्या फराळालाही ते वाढायचे.

रिटायर झाल्यावर या माणसाचं कसं व्हावं? चारशे माणसांची हजेरी घेणारा तो, आता घरात हजेरी घ्यायला एकटी इंदूकाकी उरली. काकी त्यांची बायको, आणि आमच्या गल्लीच्या कानबाईचा गळा. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी नारळाला नथ-डोळे लावून चौरंगावर देवी मांडायची, सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर न्यायची. पुढे काकी गाणार, मागे बाया फुगड्या घालत चालणार. काकीचं गाणं तिच्याच पायाने चालायचं. ओळ आवडली की रेंगाळायची, दम संपला की थांबायची, आणि सगळ्या बाया तिच्यासाठी थांबायच्या. नानांना ते बघवत नसे. कडेने चालत म्हणायचे, "इंदू, मागे पडून राहिलीस." काकी वळूनही न बघता म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे."

मग मागच्या गल्लीतल्या पोरांनी कानबाईपुढे डीजे आणायला सुरुवात केली. त्या भिंतीएवढ्या आवाजापुढे काकीचा गळा तो काय. आमच्याही गल्लीतल्या सुना म्हणू लागल्या, आपणही बोलवूया ना डीजे. त्यातच काकीच्या गळ्याला गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही. काकीने ते पोहे नासल्याची बातमी ऐकावी तसं ऐकलं. नाना तीन दिवस ओट्यावरच आले नाहीत. दूधवाला गोंधळून गेला.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. इंदूचं कानबाईला निरोप द्यायचं गाणं भरून घ्यायचं, म्हणाले, खाली ड्रम लावायचा, डीजेच्या तोडीस तोड, आणि या श्रावणात बाया इंदूच्या गाण्यावरच तापीवर जातील. मी म्हटलं, नाना, ड्रम कोण वाजवणार? ते म्हणाले, "मी."

नानांच्या हातून आयुष्यात डबासुद्धा कधी वाजला नव्हता. पण त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, आणि कॉलेजात असताना त्याला संगीताचं खूळ होतं. खूळ गेलं, सामान राहिलं. एक लॅपटॉप, एक माइक, आणि हातभर लांबीचा एक कीबोर्ड, ज्यात स्वतःचा आवाजच नाही. पट्टी दाबली की कॉम्प्युटरमध्ये ड्रम वाजतो, एका पट्टीवर ढम, दुसरीवर टाक, तिसरीवर झांज. नाना दीड महिना हिंदी व्हिडिओ बघत वहीत टिपणं काढत होते. पट्ट्या त्यांना जमल्या नाहीत, पण पडदा फार आवडला. पडद्यावर उभ्या रेघा म्हणजे वेळ आणि छोट्या चौकटी म्हणजे ठोके. चौकट माउसने उचलायची, पाहिजे तिथे ठेवायची. आणि एक बटण असं होतं, की ते दाबलं की इकडेतिकडे सांडलेले सगळे ठोके क्षणात आपापल्या रेघेवर जाऊन उभे राहतात. ते बटण सापडलं त्या दिवशी नानांनी मला भर स्वयंपाकातून हाक मारून नेलं. तीनदा दाबून दाखवलं. "बघा," म्हणाले, "एक जण उशिरा नाही." डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. तीस वर्षं जे चारशे माणसांना जमलं नाही, ते एका बटणाने केलं होतं.

गाणं भरायचा दिवस लाइट जाण्यावर ठरला. मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत, दिवसभर त्यांची खटखट. लाइट गेली की लूम बंद, पण मग लॅपटॉप बॅटरीवर, आणि बॅटरी म्हातारी, जेमतेम चाळीस मिनिटांची. लाइट कधी जाते याचा तक्ता नानांनी महिनाभर आधीपासून ठेवला होता. दुपारी दोनला लाइट गेली आणि गल्ली चिडीचूप झाली. स्वयंपाकघरात दोरीवर गोधड्या टांगलेल्या, मधे काकी स्टुलावर, कानाला हेडफोन. त्यात नानांनी टिकटिक लावली होती, म्हणजे काकीने तिच्या तालावर गावं. काकीने पाच सेकंद ऐकलं, हेडफोन काढला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. म्हणाली, माझ्या कानात हे कोण चालून राहिलं? नानांनी समजावलं. काकी म्हणाली, टिकटिक राहील नाहीतर मी. बॅटरी संपत चालली होती. परवा ऑपरेशन होतं. नानांनी टिकटिक बंद केली. मी त्यांना हरताना बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

काकी एकदाच गायली. डोळे मिटून, रमतगमत, जिथे तिथे थांबत. तिचा शेवटचा शब्द संपला आणि मागच्या गल्लीत लूम सुरू झाले. ऑपरेशन नीट झालं, काकी घरी आली, आणि तोंड उघडलं तर आत नुसती कुजबुज उरलेली. नानांनी डॉक्टरांना विचारलं, किती दिवसांत येईल आवाज? डॉक्टरांनी वेळ दिली नाही.

आता उरलं ते गाणं एवढंच, आणि कानबाईला दोन महिने. नानांनी ड्रम रचला, बटण दाबून रेघेवर आणला आणि काकीच्या आवाजाखाली ठेवला. पहिली ओळ बरी गेली. तिसऱ्या ओळीला काकी पूर्ण एक ठोका मागे, आणि कडव्याच्या शेवटी ड्रम एका गावाला तर काकी दुसऱ्या. नानांनी यावरून काढायचा तोच निष्कर्ष काढला, की चूक इंदूची आहे. मग त्यांनी पडद्यावर काकीच्या आवाजाचे तुकडे केले. शब्द शब्द कापला, उचलला, रेघेवर बसवला. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मला आणि काकीला समोर बसवून ऐकवलं. सगळं वेळेवर होतं. काकीने शेवटपर्यंत ऐकलं आणि कुजबुजली, "ही बाई कोण?"

नाना म्हणाले, कोण म्हणजे, तूच.

"मी नाही," काकी म्हणाली. "मी एवढ्या घाईत कधी होते?" आणि ती पोळ्या करायला उठून गेली.

मला नानांची कीव आली, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. मूळ गाणं त्यांनी जपून ठेवलं होतं, तेवढी अक्कल टाइमकीपरला असतेच. आता काकीला हात लावायचा नाही, ड्रमला हलवायचं, असं ठरलं. त्यासाठीही एक बटण निघालं, ड्रम माणसासारखा करायचं. ते दाबलं की ठोके थोडे मागेपुढे सरकतात. नानांनी दाबलं, ऐकलं आणि चेहरा आंबट केला. म्हणाले, हे तर कोणीही कधीही येऊन राहिलं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी फाटकावर यायचे तसे. त्यांचं बरोबर होतं. ड्रम माणसासारखा झाला होता, पण तो माणूस प्यालेला होता.

दोन दिवसांनी नाना मला म्हणाले, जसोंडीला चालता का? गुडघ्यामुळे त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी स्कूटर काढली. त्या गावात कोण आहे, हे त्यांनी अर्धा रस्ता सांगितलं नाही. मग सांगितलं, बन्सी.

बन्सीला मी ओळखत होते. पूर्वी लग्नांत बॅन्जो पार्टीबरोबर ड्रम वाजवायचा, आणि आमच्या कानबाईत काकीच्या गाण्याला साथ त्याचीच असायची. तो त्याच मिलमध्ये कामाला होता हे मात्र मला स्कूटरवर कळलं. आठवड्यातून तीन-चारदा उशिरा यायचा, नाना त्याला फाटकावरून परत पाठवायचे, आणि शेवटी त्याच चिठ्ठ्यांवरून त्याचं काम सुटलं. मी म्हटलं, नाना, आणि आता त्याच्याकडे ड्रम मागायला चाललो आपण? ते मागून म्हणाले, "गाडी नीट चालवा."

बन्सी केळीच्या वखारीत ट्रक भरून घेत होता. साठीला आलेला, दंडावर केळीच्या चिकाचे काळे डाग. नानांना बघून त्याने हातातला घड खाली ठेवला आणि सवयीने म्हणाला, "आलो साहेब." मग त्याचं त्यालाच हसू आलं. नानांनी हालहवाल काही विचारली नाही, मोबाइल पुढे केला. बन्सीने कानाला लावून ऐकलं, आणि पहिल्या वळणालाच विचारलं, साहेब, याला हात किती? बन्सीने समजावून सांगितलं, की इथे झांज वाजून राहिली, त्याच वेळेला टाक, त्याच वेळेला बाजूचे दोन्ही ढोल. "देवीला आठ हात असतात, साहेब. ड्रमवाल्याला दोनच. हा हात इकडे आला की तिकडची झांज बंद पडते." मग काकीचा आवाज आला तसा तो हसायचा थांबला. पूर्ण ऐकलं. काकीच्या गळ्याचं आम्ही सांगितलं. रविवारी येतो म्हणाला.

किती वाजता, असं नानांनी विचारलं. बन्सी म्हणाला, येईन ना.

असे पाच रविवार गेले. कीबोर्डवर बन्सीची बोटं एकाच वेळी दोन-दोन पट्ट्या दाबायची, म्हणून तो मांडीवर वाजवून दाखवायचा आणि नाना एकेक चौकट माउसने ठेवायचे. ठोका जोरात की हलका, हेही बन्सी सांगायचा. हाताचा दुसरा फटका पहिल्याएवढा कधी बसत नाही, मनगट दमतं, असं तो म्हणायचा. नानांना हे सगळं पटत होतं. एकच गोष्ट घशाखाली उतरत नव्हती, बन्सी ठोके रेघेच्या मागे ठेवायला लावायचा. नाना म्हणायचे, हा उशीर आहे. एकदा दोनदा ऐकून घेऊन बन्सी म्हणाला, "साहेब, उशीर नाही करत मी. थांबतो."

नानांनी माउस सोडला. आत गेले आणि फुलस्केप वही घेऊन आले. पट्टीने रेघा मारून रकाने पाडले. ठोका कितवा, उशीर किती, आणि शेवटचा रकाना, कारण. आणि मग, देवाशपथ सांगते, तो माणूस प्रत्येक ठोक्याचं कारण विचारून लिहायला लागला. ती वही मी बघितली आहे. ठोका चौदा, कारण: इंदू दम घेते. ठोका एकतीस, कारण: डोक्यावर चौरंग, वळण, बाया जपून पाय टाकतात. ठोका बावन्न, कारण: हा शब्द इंदूला आवडतो. अक्षर तेच, मिलमधलं, उभं आणि कोरडं. मी तोंडाला पदर लावून हसत होते. काकी हसत नव्हती, ती वहीत डोकावून वाचत होती.

चौथ्या रविवारची गोष्ट. ठोका एकशे सहा. नानांनी विचारलं, इथे का? बन्सीने सांगितलं. नानांनी लिहिलं. आणि मान वर न करता, त्याच आवाजात विचारलं, "आणि मिलमध्ये?"

बन्सीला आधी कळलं नाही. कळल्यावर तो काकीकडे बघून जरा हसला. म्हणाला, "मुलगी लहान होती साहेब. तिला आई नव्हती. शेजारीण कधी न्यायची, बाकीचे दिवस मीच. शाळेचं फाटक सातला उघडायचं. तिला आत सोडल्याशिवाय कसा निघू? तिथून मिलपर्यंत सायकलने सात मिनिटं."

नानांनी लिहिलं नाही. पेन कागदावर तसंच टेकलेलं, त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग म्हणाले, "सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही," बन्सी म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला नानांचा त्या दिवशी संताप आला. सात मिनिटांसाठी एका माणसाचं काम घालवलं, आणि वर ते वाक्य फराळाबरोबर वाढत बसले. वाटलं, आता तरी माफी मागतील. नाही मागितली. खाकरले आणि म्हणाले, ठोका एकशे सात. काकीने बन्सीपुढे चहा ठेवला, आणि नानांपुढे ठेवला नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. ओट्यामागच्या घराला आता कुलूप आहे, दूधवाला हवा तेव्हा येतो. नाना म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्याआधीची, कानबाईची सोमवार सकाळ.

ठीक आठला निघायचं असं नानांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन बजावलं होतं. आठला पाच कमी असताना आम्ही सगळ्या तयार. हातगाडीवर भाड्याचा स्पीकर, त्याची वायर नानांच्या मोबाइलला. चौरंग काकीच्या डोक्यावर, कारण तिने हट्टच धरला होता, गाता येत नाही तर नेता तरी येईल. गल्लीच्या तोंडाशी मागच्या गल्लीचा डीजे येऊन उभा. त्यांची गाडी आधी रस्त्याला लागली असती, तर तापीपर्यंत काकीचा एक शब्द कोणाच्या कानावर पडला नसता. सगळ्यांना ते माहीत होतं, नानांना तर जास्तच.

आठ वाजले. नानांनी बटण दाबलं नाही.

सुना कुजबुजायला लागल्या. डीजेवाल्याने हॉर्न दिला. मी जवळ जाऊन म्हटलं, नाना, आठ झाले. ते म्हणाले, "थांबा. बन्सी येऊन राहिला." त्यांच्या तोंडून 'थांबा' हा शब्द गल्लीत कोणी ऐकलेला नव्हता. डीजेची गाडी हलली, तसे नाना दुखऱ्या गुडघ्याने चालत गेले आणि दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभे राहिले. पोरं ओरडली, काका सरका. नाना सरकले नाहीत. तीस वर्षं फाटकावर उभा राहिलेला माणूस, त्याला हटवणं सोपं नव्हतं. काकीची मान चौरंगाखाली थरथरत होती. मी हात लावायला गेले, तर तिने डोळ्यांनीच नको म्हटलं.

बन्सी आला तो मोटरसायकल जवळजवळ आडवी टाकूनच. धापा टाकत नानांसमोर उभा राहिला, मान खाली. म्हणाला, "साहेब, उशीर झाला."

"कारण?" नाना म्हणाले.

बन्सीने मान वर केली. "नातीला शाळेत सोडायचं होतं. फाटक उघडलं नव्हतं अजून."

नाना म्हणाले, "बरं." हातगाडीपाशी आले आणि बटण दाबलं.

काकीचा आवाज निघाला, पूर्वीचा, भरलेला, आणि त्याखाली बन्सीचे दोन हात. बाया चालू लागल्या. वळणावर आवाज दम घ्यायला थांबला, ड्रम थांबला, आमचे पाय थांबले, आणि चौरंगाखाली काकीनेही तोंड उघडून तेवढाच दम घेतला. मी सवयीने घड्याळ बघितलं, सवय त्यांनीच लावलेली. सात मिनिटं उशीर झाला होता. नाना बन्सीच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत पुढे चालले होते, घड्याळाचा हात तोच होता, आणि त्यांनी तो एकदाही उलटा करून बघितला नाही.